तीनदा मागितलेली परवानगी

सुभेदार आकाराम ढोले सिनेमा बघायला जाणाऱ्यातले नव्हते. निवृत्त होऊन आष्ट्याला आल्यापासून सकाळी उसाच्या रानात एक फेरी, दुपारी पेपर, संध्याकाळी माजी सैनिकांच्या कट्ट्यावर गप्पा, एवढाच त्यांचा दिनक्रम. पण सून उत्कर्षा सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात शिकवायची आणि तिथलं चित्रपट मंडळ तिच्याकडे होतं. त्या महिन्यात तिनं युद्धावरचा एक जुना परदेशी सिनेमा ठेवला होता. ती म्हणाली, "आप्पा, सिनेमा झाल्यावर तुम्ही मुलांशी चार शब्द बोला. फौजेतला माणूस त्यांनी जवळून कधी पाहिलेलाच नाही."

आकारामना नाही म्हणवेना. इस्त्रीचा सफारी, छातीवर पदकांची पट्टी, असे ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सिनेमा काळापांढरा होता. खाली मराठीत ओळी येत होत्या. एका नदीवरचा पूल तुटलेला असतो, तरी वरच्या अधिकाऱ्याला नदी ओलांडल्याची बातमी हवी असते. माणसं बुडतात. मग एका साध्या शिपायाला धरतात आणि शाळेच्या वर्गात कोर्ट भरवतात. तिथं साक्षीदार ओळीनं बाकावर बसवलेले. न्यायाधीश विचारतो, "पूल तुटल्याचं कुणी कळवलं होतं का?" आणि बाकावरचा एकेक माणूस उठतो, नाही म्हणतो आणि खाली बसतो.

आकाराम खुर्चीत सावरून बसले. शेवटी शिपायाला गोळ्या घालतात तेव्हा सभागृहात कुणीतरी मुसमुसलं. आकारामना त्या शिपायाचं काहीच वाटलं नाही. त्यांचं लक्ष बाकावरच्या माणसांवरून हललंच नव्हतं.

दिवे लागले. उत्कर्षानं त्यांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली.

"सर, आपल्याकडं असं होतं का? म्हणजे चूक वरच्याची आणि शिक्षा खालच्याला?"

आकारामनी माईक हातात घेतला. "नाही," ते म्हणाले. "आपल्या फौजेत असं होत नाही. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. मी तरी असं कधी पाहिलं नाही."

परत टाळ्या झाल्या. कुणीतरी शाल आणि नारळ दिला. परतीच्या वाटेवर गाडीत उत्कर्षा म्हणाली, "छान बोललात, आप्पा." त्यांनी खिडकीतनं बाहेर बघितलं आणि "हं" म्हणाले. जेवण त्यांना गेलं नाही. पोट बिघडलंय, असं सांगून ते पडून राहिले.

पोट ठीक होतं. सभागृहात माईकवर ते दुसऱ्यांदा खोटं बोलले होते, आणि पहिल्या वेळी तर शपथ घेऊन.

ती गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. जानेवारीचा महिना, काश्मीरातली उंचावरची चौकी. आकाराम तेव्हा नायब सुभेदार होते. चौकीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर आणखी एक बंकर होता. हिवाळ्यात तो रिकामा ठेवायची वहिवाट होती, कारण वाटेतला उतार बर्फानं कधी सुटेल याचा नेम नसायचा. पण कंपनीच्या मेजरसाहेबांनी वर कळवून टाकलं होतं की बंकरात आपली माणसं आहेत. आणि दोन दिवसांनी मोठे साहेब दौऱ्यावर येणार असा निरोप आला.

मेजरसाहेबांनी सहा माणसं काढली. म्होरक्या हवालदार गुंडा, आष्ट्याशेजारच्या गावचा, आकारामच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याच्या हाताखाली लान्सनायक बिरदेव मेटकरी, आटपाडीकडच्या धनगरवस्तीवरचा. बोलायला कमी, चालायला वाघ. वायरलेसचा सेट त्याच्या पाठीवर. बाकीच्यांत जतचा सिद्धू, कोकणातला एक शिपाई आणि आणखी दोघं. सकाळी नऊला ते निघाले. खाली चौकीत सेटजवळ आकाराम बसले आणि त्यांच्या मागं मेजरसाहेब उभे राहिले.

दहा वाजून दहा मिनिटांनी बिरदेवचा आवाज आला. बर्फ छातीपर्यंत आहे, गुंडा हवालदार म्हणतात परत यायला परवानगी द्या. आकारामनी मान वळवून बघितलं. मेजरसाहेबांनी नकारार्थी डोकं हलवलं. आकारामनी सेटवर सांगितलं, "पुढं चला."

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. पुन्हा तेच उत्तर.

तिसऱ्यांदा बिरदेव हिंदी सोडून मराठीतच बोलला. "साब, बर्फ तडकाया लागलंय. आवाज येतोय. माघारी येऊ द्या."

मेजरसाहेब म्हणाले, बारापर्यंत मला वरून रिपोर्ट पाहिजे. आकारामनी बटण दाबलं आणि तेच सांगितलं. आवाज त्यांचा, हुकूम साहेबांचा. त्यानंतर सेट मुका झाला.

बर्फाचा लोंढा गुंडाला आणि कोकणातल्या शिपायाला घेऊन गेला. उरलेल्यांनी हातांनी आणि रायफलीच्या दस्त्यांनी खणून पाहिलं. सिद्धूचे पाय काळे पडायला लागले तेव्हा बिरदेवनं त्याला पाठीवर घेतलं, दोघांना पुढं घातलं आणि तिघांनाही जिवंत खाली आणलं. गुंडाचा देह मे महिन्यात सापडला.

चौकशी लागणार हे उघड होतं. अपघाताच्या त्याच संध्याकाळी मेजरसाहेबांनी आकारामना बोलावून घेतलं. पुढ्यात वायरलेसची नोंदवही होती. त्या दिवसाचं पान फाडलेलं, त्याजागी नवं पान लिहून तयार. त्यात परवानगीचा एकही निरोप नव्हता. पावणेअकराला "हवामान ठीक" अशी नोंद मात्र होती.

"ढोले," साहेब म्हणाले होते, "गुंडा मोहिमेत शहीद झाला, असंच राहिलं पाहिजे. चुकीच्या हुकुमानं मेला असं झालं तर त्याच्या बायकोच्या पदरात काय पडेल? पलटणीची इज्जत बघ. आणि तुझं प्रमोशन यंदाच बोर्डासमोर आहे ना?"

आकारामनी त्या नव्या पानावर सही केली. गुंडाच्या बायकोसाठी केली, असं ते पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले.

ठपका बिरदेववर आला. आपल्या हवालदाराला बर्फात टाकून, हुकूम नसताना माघारी आला, असा. कर्नलसाहेबांनी कोर्ट भरवलं. सिद्धू हॉस्पिटलात, बोटं कापलेली. उरलेल्या दोघांची तोवर दुसरीकडं रवानगी झालेली. साक्षीदार एकटे आकाराम. परत यायची परवानगी मागणारा काही निरोप आला होता का, असं त्यांना विचारलं. "नहीं साब," ते म्हणाले. मग आरोपीला विचारलं, साक्षीदाराला काही प्रश्न आहे? बिरदेवनं आकारामकडं बराच वेळ बघितलं. मग तोही म्हणाला, "नहीं साब."

सहा महिने तुरुंग आणि बडतर्फी. अकरा वर्षांची नोकरी एका दुपारीत गेली. त्याच वर्षी आकाराम सुभेदार झाले.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा चहा घेऊन आली तेव्हा आकाराम आंघोळ करून, कपडे घालून बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं. सेट, पान, सही, कोर्ट. सांगताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. चहा तसाच गार झाला.

उत्कर्षानं तो कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तो माणूस आहे का अजून?"

"आसंल. ठावं न्हाई. कवा चौकशीच केली न्हाई मी."

"मग आधी ते बघा."

आकाराम एसटीनं विट्याला गेले, तिथनं भिवघाटावरून आटपाडीला. स्टँडवर मेटकरी म्हटल्यावर कुणाला पटकन कळेना. फौजेतला मेटकरी म्हटल्यावर पानवाला हसला. "त्यो पळपुटा व्हय? वड्याच्या पल्याड वस्ती हाय बघा त्याची." कागदावर हुकूम मोडल्याचं लिहिलेलं होतं. गावानं त्याचं एका शब्दात भाषांतर करून टाकलं होतं आणि तो शब्द एकवीस वर्षं टिकला होता.

वस्तीवर कालव्याच्या पाण्यावर लावलेली डाळिंबाची बाग होती, पलीकडं मेंढरांचा वाडा. अंगणात एक म्हातारी लोकर विंचरत होती. ती बिरदेवची आई, हरणाबाई.

"कोन पायजे?"

"बिरदेव हाय का?"

"बागंत हाय. तुमी कोन?"

तेवढ्यात पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतलेला बिरदेव बागेतून आला. केस पांढरे झालेले, चालणं मात्र तेच. तो थांबला. पंप उतरवून खाली ठेवला. क्षणभर त्याच्या टाचा आपोआप जुळल्या आणि मग त्यानं त्या मुद्दाम सैल सोडल्या.

"कोन हाय रं त्यो?" हरणाबाईनं विचारलं.

"माझा सुबेदार हाय, आये."

म्हातारीचा हात लोकरीतच थांबला. ती उठली आणि आत निघून गेली. पाणी आणायला गेली असेल असं आकारामना वाटलं, पण ती बाहेर आलीच नाही.

आकाराम म्हणाले, "बिरदेव, मी खोटं बोललो हुतो."

"ठावं हाय की. सेटवर आवाज तुमचाच हुता. मला दुसऱ्या कुनी सांगाया पायजे व्हय?"

"मग कोर्टात मला प्रश्न का न्हाई इचारलास? समोर तर हुतो मी."

बिरदेवनं तोंडावरचं फडकं सोडून मान पुसली. "तुमी माझं सुबेदार हुता. मला वाटलं, आता सांगत्याल, मग सांगत्याल. साहेब इचारत हुता तवाबी वाटत हुतं, आजून सांगत्याल. मग तुमी बसला खाली. त्याच्यापुढं मी काय इचारायचं?"

आकाराम हात जोडायला गेले. बिरदेवचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"ते नगं. हात खाली घ्या. माफीचं मी काय करू? पंधरा आगस्टला शाळंत समद्या फौजींना बोलावत्यात, मला न्हाई. माझी पोरगी साक्षी पोलीस भरतीला उतरली तर भरतीच्या मैदानात पोरी म्हनल्या, बापासारखी पळू नगं मदीच. बाप मेला माझा, त्यो शेवटाला माझ्या हातचं पानी घेईना. त्याला वाटायचं, सोबत्याला टाकून आला ह्यो." तो दम घ्यायला थांबला. "मला कागूद पायजे. ज्या सरकारनं लिवलं त्यानंच खोडून द्यायला पायजे. ते जमत आसंल तर करा. न्हाईतर परत इकडं येऊ नगा."

"करतो," आकाराम म्हणाले.

"बगू," म्हणून बिरदेवनं पंप उचलला आणि तो बागेत गेला.

सांगलीतली वकील प्रांजल ही उत्कर्षाची वर्गमैत्रीण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "काका, बिरदेवकडून अर्ज करता येईल. पण सगळा भार तुमच्या प्रतिज्ञापत्रावर. आणि त्यात तुम्ही लिहून देणार की मी शपथेवर खोटं बोललो, सरकारी नोंद बदलायला मदत केली. ते तुमच्यावर उलटू शकतं."

"लिहा," आकाराम म्हणाले. "माझ्या तोंडचंच लिहा. सुधारू नगा."

फोन आला तो मुलाचा. दिग्विजय त्याच पलटणीत हवालदार होता. उत्कर्षानं त्याला सांगितलं होतं, नवऱ्यापासून लपवायचं कसं?

"आप्पा, ह्ये काय काढलंय आता?" दिग्विजय म्हणाला. "मला पलटणीत आडनावानं हाक मारत्यात. ढोले म्हटलं की तुमचा फोटो आठवतो लोकांना, मेसमध्ये लावलेला. उद्या ह्ये बाहेर पडलं म्हणजे मी त्या लोकांत कसा राहू?"

"जसा ऱ्हातोस तसा ऱ्हा. तू काय केलंयस?"

"मी काय न्हाई केलं. म्हणून तर इचारतोय. त्या मेटकरीची बाग चाललीय, पोटाला मिळतंय. एकवीस वर्सं तुमी गप बसला तसं आजून धा बसला असता तर काय बिघडत हुतं?"

आकाराम म्हणाले, "दिगू, तुझ्या हाताखाली आता किती जण हायत?"

"नऊ."

"त्यातल्या एकानं सेटवर तुला तीनदा इचारलं, माघारी येऊ का, तर?"

पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर दिग्विजय बायकोशी बोलायचा, बापाशी नाही. दिवाळीलाही आला नाही.

कट्ट्यावरही बातमी पोचली. कुणी भांडलं नाही. आकाराम जाऊन बसले की बाकीचे कामं आठवून उठायला लागले, एवढंच. पलटणीच्या वर्धापनदिनाचं बोलावणं दरवर्षी यायचं, ते त्या वर्षी आलं नाही. एक दिवस घरी मेसमधला फोटो पार्सलनं आला, काचेसकट. चिठ्ठी काही नव्हती. आकारामनी तो कपाटावर टाकला.

बाकी दोघांचा पत्ता लागला नाही, सिद्धू मात्र सापडला. विट्याला एका गोदामावर रखवालदार होता, बोटं नसलेल्या पायांत कापडाचे बूट घालून. आकारामना बघून तो आधी घाबरला, मग भडाभडा बोलला. बिरदेवनं पाठीवरून कसं आणलं, वाटेत तीनदा कसा पडला. "मला कुनी इचारलंच न्हाई, साब. मी हास्पिटलातनं चिठ्ठी धाडली हुती, तिचंबी काय झालं ठावं न्हाई." त्यानंही प्रतिज्ञापत्र दिलं.

मुंबईला लष्करी न्यायाधिकरणात तारखा पडत गेल्या. मेजरसाहेब बरेच वर चढून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं, इतक्या जुन्या गोष्टी आठवत नाहीत. आकारामची पाळी पाचव्या सुनावणीला आली. पदकं न लावता ते उभे राहिले. बिरदेव मागच्या बाकावर बसला होता. गाडीत येताना तो आकारामच्या शेजारी बसला नव्हता.

सरकारी वकिलानं विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्ही शपथ घेऊन खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

प्रांजलनं या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. आकारामना त्यातला एक शब्द आठवेना.

"साहेब," ते म्हणाले, "तवा खोटं बोललो म्हणून मी सुभेदार झालो. आज इथं मी काय मिळवाय आलोय? पोरगा बोलत न्हाई. गावात कुनी शेजारी बसत न्हाई. तुमाला खोटं वाटत आसंल तर मला आत टाका, पर ह्याचं तेवढं खोडा. ह्यानं तीनदा इचारलं हुतं. तिन्ही टायमाला मीच न्हाई म्हनलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, काहीतरी लिहिलं आणि त्यांना बसायला सांगितलं.

निकाल चौदाव्या महिन्यात लागला. शिक्षा रद्द, बडतर्फी रद्द, बिरदेव मेटकरी यांना सन्मानानं निवृत्त झालेले समजावं. आकारामच्या विरुद्ध काही करण्याचं न्यायाधिकरणानं टाळलं, पण निकालात त्यांच्या वागण्यावर एक परिच्छेद होता. तो त्यांनी उत्कर्षाकडून दोनदा वाचून घेतला. मेजरसाहेबांबद्दल एवढंच होतं की त्यांचं उत्तर समाधानकारक नाही.

निकालाची बातमी सांगलीच्या पेपरात आली आणि दुसऱ्याच दिवशी आकारामच्या दारात राहीबाई उभी राहिली. गुंडाची बायको. गावात गुंडाचं स्मारक होतं, दरवर्षी तिथं हार पडायचे, आणि राहीबाई दरवर्षी तिथं बिरदेवच्या नावानं बोटं मोडायची. तिला सांगायची हिंमत आकारामना चौदा महिन्यांत झाली नव्हती. त्यासाठी त्यांनी एकही सबब सांगितली नाही.

"खरं हाय पेपरात आलंय ते?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तुमीच म्हनला, पुढं जावा?"

"व्हय, वैनी. मीच."

राहीबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांना वाटलं, आता ही थोबाडीत देणार. ती म्हणाली, "मला आटपाडीला घेऊन चला. आत्ता."

वस्तीवर पोचले तेव्हा बिरदेवची मुलगी साक्षी अंगणात हरणाबाईला निकालाचा कागद वाचून दाखवत होती. टपालानं कालच आला होता आणि म्हातारीनं तो बहुतेक पाचव्यांदा वाचायला लावला असावा. "म्हंजी पळाला न्हवता, असंच ना?" ती विचारत होती. साक्षी म्हणाली, "व्हय आज्जी, तसंच."

"मग ते मला कवाचं ठावं हाय. ह्यास्नी आता कळलं व्हय?"

राहीबाई पुढं झाली. "मी गुंडा हवालदाराची बायको," तिनं सांगितलं. "लय वर्सं तुमच्या लेकाला शिव्या दिल्या मी."

हरणाबाईनं सरकून घोंगडीवर जागा केली आणि म्हणाली, "बस."

बिरदेव बागेतनं आला. राहीबाईनं त्याला समोर बसवलं. "भाऊ, मला कुनी सांगितलंच न्हाई कवा. साहेब आलं, झेंडा दिला, भाषान केलं. ते गेलं कसं, ते सांग. हाय तसं सांग."

बिरदेवनं आकारामकडं बघितलं. कोर्टात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. न्यायाधिकरणातही नाही. तो सावकाश बोलायला लागला.

"हवालदार म्होरं हुतं, वैनी. तिसऱ्यांदा न्हाई आल्यावर म्हनलं, आता मी एकटाच पुढं बगून येतो, तुमी खडकामागं थांबा. कोकनातला गडी आयकंना, त्यो त्यांच्या मागं गेला. पन्नास पावलं गेलं आसतील. आवाज झाला. हवालदारानं मागं वळून बगितलं. पळाय टाइम हुता त्यांना, थोडा. त्यांनी हात वर करून आमाला खडकाला चिकटा म्हनून खुनावलं. त्यात गेलं."

"बोललं काय?"

"खडक, खडक, एवढंच वरडलं."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. साक्षी पाणी आणायला उठली. "त्यांनी सोता पुढं जाऊन आमाला थांबवलं म्हनून आमी चौघं ऱ्हायलो," बिरदेव म्हणाला. "ह्ये मला तवाच येऊन सांगायचं हुतं तुमाला. पर मी आलो आसतो तर तुमी दारात उभं केलं नसतं."

"नसतं केलं," राहीबाई म्हणाली.

आकाराम अंगणाच्या कडेला, चपला काढल्या होत्या तिथंच उभे होते. गुंडानं हात वर केला होता हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. ते मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला टेकून खाली बसले. मागं हरणाबाई राहीबाईला विचारत होती की पोरंबाळं किती, आणि राहीबाई सांगत होती.